प्रतिपिंडाची साक्ष : आल्फा-१ अँटिट्रिप्सिनचे उदाहरण

प्रतिपिंडाच्या साहाय्याने रक्तातील एखाद्या द्रव्याचे अस्तित्व जसे सिद्ध करता येते, तसाच त्याचा अभावही दाखविता येतो. मुंबईत डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी १९५२ साली वर्णिलेला ‘बॉम्बे’ रक्तगट हे याचे आपल्याकडील सुपरिचित उदाहरण होय. ए, बी व एच या तिन्ही प्रतिजनांविरुद्धच्या प्रतिपिंडांनी त्या तांबड्या पेशींचे समूहन झाले नाही. परंतु प्रतिजन सापडला म्हणजे त्याचे कार्यही अबाधित आहे, असे मात्र म्हणता येत नाही. रक्तद्रवातील आल्फा-१ अँटिट्रिप्सिनच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

यकृतात निर्माण होणारे हे प्रथिन श्वेतपेशींतील इलॅस्टेज या एंझाइमास जखडून ठेवते व फुप्फुसाच्या ऊतकांचे रक्षण करते. १९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल व एरिक्सन यांना विद्युत्-संचलनाने तपासलेल्या सुमारे १,५०० नमुन्यांपैकी ५ नमुन्यांत आल्फा-१ पट्टा आढळला नाही. त्यांतील ३ व्यक्तींना फुप्फुसाचा वातविस्फार झालेला होता. पुढे १९६६ साली लॉरेल यांनी प्रतिपिंडयुक्त ॲगरोजमध्ये विद्युत्-संचलन करण्याची रीत प्रसिद्ध केली. तीत अवक्षेपाच्या शिखराच्या उंचीवरून प्रथिनाचे परिमाण काढता येते.

तथापि अनेक-कृंतक प्रतिपिंड सक्रिय रेणू, एंझाइमाशी जखडलेला रेणू व निष्क्रिय झालेला रेणू या सर्वांना बहुधा सारखेच ओळखतो. या निरोधकाची पकड ३५८ व्या स्थानावरील मेथिओनिनवर अवलंबून असते. तंबाखूच्या धुराने त्याचे ऑक्सिडीकरण झाले, तर परिमाण पुरेसे दिसूनही संरक्षण उणे पडते. याहून बोलके उदाहरण १९८३ साली प्रसिद्ध झाले. ‘पिट्सबर्ग’ या प्रकारात त्याच स्थानी आर्जिनिन आल्यामुळे हे प्रथिन थ्रॉम्बिनचे प्रबळ निरोधक बनले आणि एका मुलाचा रक्तस्रावाने मृत्यू ओढवला.

म्हणून कोथरूड येथील आपल्या प्रयोगशाळेत हे प्रतिपिंड हाताळणाऱ्या विद्यार्थ्याने दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. एक, विघटित प्रथिनाच्या पट्ट्यावर चालणारा प्रतिपिंड मूळ घडीतील प्रथिनावर चालेलच, असे नाही. म्हणून ज्या रीतीसाठी तो वापरावयाचा, त्याच रीतीत त्याची परीक्षा व्हावी. दोन, प्रतिपिंडाने मिळालेल्या परिमाणासोबत इलॅस्टेज-निरोधाचे मापनही करावे. या दोन आकड्यांत तफावत आढळल्यास ती प्रयोगातील चूक म्हणून सोडून देऊ नये. रोगाचे मूळ कित्येकदा त्या तफावतीतच असते.