पत्ता नसलेली चिठ्ठी

औषध हाती येईपर्यंत : भाग ७

आजींनी काउंटरवर हिरवा कागद ठेवला. आडनाव वाचून मी मराठीत बोलले, तसा त्यांचा चेहरा सैल झाला. पण शंका त्यांनी घरूनच आणली होती.

"अगं, ह्याच्यावर डॉक्टरची सहीच नाही. मी दवाखान्यातल्या मुलीला दाखवलं, तर म्हणाली चालेल. सहीशिवाय चिठ्ठी चालते होय?"

"सही आहे, आजी. कागदावर नाही, आत आहे."

"आत म्हणजे कुठं?"

लेस्टरमधल्या आमच्या दुकानात सोमवारी सकाळी रांग दारापर्यंत जाते. त्या 'आत'चं नीट उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. औषधं दिली, गोळ्यांच्या वेळा समजावल्या आणि आजी गेल्या. मागच्या आठवड्यात आपण इंग्लंडमधल्या त्या रुग्णांची गोष्ट पाहिली, ज्यांनी एक औषधाचं दुकान आपलं म्हणून नोंदवून ठेवलेलं असतं. आजींनी तसं काही नोंदवलेलं नव्हतं. अशा माणसाच्या चिठ्ठीचं काय होतं, ते आज सांगते.

जीपी, म्हणजे इथला नेहमीचा डॉक्टर, औषधं संगणकावर लिहितो. त्याचं ओळखपत्र, स्मार्टकार्ड, यंत्रात खोचलेलं असतं. तो पिन टाकतो आणि चिठ्ठीवर डिजिटल सही उमटते. कायद्याच्या दृष्टीने ही सही शाईच्या सहीइतकीच पक्की आहे. सही झाली की चिठ्ठी एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, मध्यवर्ती यंत्रणेत जाऊन बसते. त्या यंत्रणेचं नाव 'स्पाइन', पाठीचा कणा. दवाखाने, रुग्णालयं, औषधांची दुकानं सगळी तिला जोडलेली आहेत. खरी चिठ्ठी तिथे असते. आजींच्या हातातला कागद ही त्या चिठ्ठीपर्यंत पोचण्याची खूण. इथे त्याला टोकन म्हणतात आणि तो शब्द अगदी बरोबर आहे. चपला ठेवल्यावर देवळाबाहेर बिल्ला मिळतो, तसाच.

आता फरक कुठे पडतो ते पाहू. स्पाइनकडे गेलेल्या चिठ्ठीत रुग्णाची माहिती असते, औषधं असतात आणि रुग्णाने दुकान नोंदवलं असेल तर त्या दुकानाचा सांकेतिक क्रमांकही असतो. बोलताना आम्ही सगळे म्हणतो की डॉक्टरने चिठ्ठी दुकानाला पाठवली. तसं घडत नाही. आमचा संगणक ठरावीक वेळाने स्पाइनला विचारतो, आमच्या नावाचं काही आलंय का? आमचा क्रमांक असलेल्या चिठ्ठ्या तो उतरवून घेतो, आणि सकाळी दुकान उघडेपर्यंत त्यांचा गठ्ठा तयार असतो. आजींच्या चिठ्ठीवर ती जागा रिकामी. म्हणून ती कोणत्याही दुकानाच्या गठ्ठ्यात येत नाही. ती स्पाइनवर थांबून राहते. ज्या दुकानात तिचा बारकोड स्कॅन होईल, त्या दुकानाची ती होते.

रिकामी जागा म्हणजे चूक, असं इथल्या बऱ्याच लोकांना वाटतं. दवाखान्यातली मंडळीही कधी कधी त्याच सुरात विचारतात, "अजून दुकान नोंदवलं नाही?" नोंदवणं सक्तीचं नाही. ते रुग्णाच्या संमतीनेच व्हायला हवं, आणि त्यासाठी दुकानांनी भेटी किंवा सवलतींचं आमिष दाखवायला नियमांची मनाई आहे. हे मी आवर्जून लिहिते आहे, कारण परक्या देशात नव्याने आलेल्या माणसाला 'फॉर्म भरा' म्हटलं की तो भरतो. का, कशासाठी, हे विचारायला त्याला संकोच वाटतो.

दुकान न नोंदवता इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी मिळण्याची ही सोय मात्र फार उशिरा आली. इंग्लंडमध्ये इलेक्ट्रॉनिक चिठ्ठीची सुरुवात २००५ मध्ये झाली. तेव्हा कागदावर बारकोड छापला जाई, पण सहीचा कागद हीच खरी चिठ्ठी होती. २००९ पासून संगणकातली चिठ्ठी कायद्याने खरी ठरली, पण एका अटीवर: रुग्णाने दुकान आधी नोंदवलेलं हवं. ज्याने नोंदवलं नाही, त्याच्यासाठी पुन्हा कागद, पुन्हा शाई. दहा वर्षं हे असंच चाललं. चौथा टप्पा, ज्यात दुकान न निवडलेल्यांनाही सामावून घेतलं, तो चाचणीनंतर नोव्हेंबर २०१९ पासून देशभर सुरू झाला. माझ्या मते हा क्रम उलटा होता. ज्याचं एक ठरलेलं दुकान आहे त्याची कागदी चिठ्ठी सहसा हरवत नाही, आणि हरवली तरी दुकानदार ओळखीचा असतो. जो आज एका गावात आणि उद्या दुसऱ्या गावात औषध घेतो, त्याला या यंत्रणेची गरज जास्त होती. त्यालाच दहा वर्षं बाहेर ठेवलं.

कागदी चिठ्ठी हरवली की काय व्हायचं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माझं म्हणणं पटेल. दवाखान्याला फोन, पुन्हा सही, आणि पहिली चिठ्ठी कुणाच्या हाती लागून वापरली गेली तर ते कळायचा मार्ग नाही. आता टोकन हरवलं तर दवाखाना तेच टोकन पुन्हा छापून देतो. चिठ्ठी एकच राहते. एका दुकानाने ती उतरवून घेतली की दुसऱ्या दुकानाला ती मिळत नाही. टोकनाच्या दहा झेरॉक्स काढल्या तरी औषध एकदाच मिळतं.

इथे मला घरची आठवण येते. साताऱ्याला किंवा नाशिकला डॉक्टरच्या लेटरपॅडवरची चिठ्ठी घेऊन माणूस हव्या त्या मेडिकलमध्ये जातो. 'तुमचं दुकान कोणतं' असा प्रश्नच त्याला कुणी विचारत नाही, आणि हे स्वातंत्र्य मोठं आहे. भारतात मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. तेव्हापासून सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवणंही अधिकृत झालं. पण तो फोटो एका मेडिकलमध्ये दाखवून औषध घेतलं, तर पुढच्या मेडिकलला ते कळत नाही. झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे कोणत्याही केमिस्टला विचारा. इंग्लंडची पत्ता नसलेली चिठ्ठी हे दोन्ही साधते: हवं ते दुकान, पण एकदाच.

टोकनावर बारकोडच्या जवळ अठरा अक्षरांचा एक क्रमांक असतो. सहा-सहाचे तीन गट, मध्ये रेघा. मधल्या गटात दवाखान्याचा संकेत असतो आणि शेवटचं अक्षर पडताळणीचं. बारकोड चुरगळला, चहात भिजला, तरी हा क्रमांक टाइप केला की चिठ्ठी सापडते. एखादं अक्षर चुकलं तर शेवटचं अक्षर जुळत नाही आणि संगणक तिथेच थांबवतो. म्हणून कागद फाटला तरी फेकू नका, तुकडा घेऊन या, असं मी सगळ्यांना सांगते.

आणखी एक गोष्ट आहे, जी दवाखान्यात सहसा कुणी सांगत नाही. एका इलेक्ट्रॉनिक चिठ्ठीवर जास्तीत जास्त चार औषधं बसतात. मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइड असलेल्या माणसाची नऊ औषधं असतील तर तीन चिठ्ठ्या होतात, तीन बारकोड. आजींच्या हातात दोन कागद होते आणि त्यांना वाटलं होतं की दुसरा चुकून छापला गेलाय. तो त्यांनी घरी ठेवला असता, तर त्यांची थायरॉइडची गोळी राहिली असती.

या चाराच्या मोळीतून मोठी अडचण उभी राहते. समजा चार औषधांपैकी तीन माझ्याकडे आहेत, चौथं नाही. मी तीन दिली की ती चिठ्ठी माझ्या दुकानाला बांधली गेली. चौथं औषध तेवढं सोडवून स्पाइनवर परत ठेवता येत नाही. मग एक तर मी ते मागवेपर्यंत रुग्णाने थांबायचं, नाही तर डॉक्टरकडून त्या एका औषधाची नवी चिठ्ठी आणायची. मी एकही औषध दिलं नसेल, तर मात्र पूर्ण चिठ्ठी परत करता येते, आणि मिनिटाभरात दुसरं दुकान ती उचलू शकतं. म्हणून टोकन हातात असलेल्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: स्कॅन करायच्या आधी विचारा. "ही सगळी औषधं तुमच्याकडे आहेत का?" एवढं एक वाक्य. कागद वाचून कोणताही फार्मासिस्ट याचं उत्तर देऊ शकतो. त्यासाठी चिठ्ठी उतरवून घ्यावी लागत नाही.

हे वाक्य किती महत्त्वाचं आहे, ते आम्ही टंचाईच्या काळात शिकलो. सप्टेंबर २०२३ मध्ये एडीएचडीवरच्या औषधांच्या तुटवड्याचा राष्ट्रीय इशारा निघाला. आई-बाप मुलांसाठी दुकानामागून दुकान पालथं घालत होते. त्यातलं मेथिलफेनिडेट नियंत्रित औषध आहे. साधी चिठ्ठी सहा महिने चालते, याची अठ्ठावीस दिवसांत संपते. ज्यांची चिठ्ठी नोंदवलेल्या दुकानाने आधीच उतरवून घेतली होती, त्यांना पहिल्यांदा त्या दुकानाला फोन करून ती परत करायला लावावी लागे, मग पुढचं दुकान. टोकनवाल्यांची ही एक पायरी वाचत होती. पुढच्या वर्षी, मे २०२४ मध्ये, क्रिऑनसारख्या पाचकरसाच्या कॅप्सूलचा इशारा आला. स्वादुपिंड काम करत नसलेल्या माणसाला ही कॅप्सूल प्रत्येक जेवणाबरोबर लागते. अशा माणसाला 'उद्या या' म्हणताना जीभ जड होते.

मग सगळ्यांनीच पत्ता न देता राहावं का? नाही. दर महिन्याला तीच औषधं घेणाऱ्यासाठी नोंदवलेलं दुकान खूप सोयीचं असतं. औषधं आधीच बांधून ठेवलेली असतात. टोकन आणणाऱ्याची तयारी स्कॅन झाल्यावर सुरू होते, म्हणून त्याला थांबावं लागतं. पण न निवडणाऱ्यांची कारणं खरी असतात. राहतो एका शहरात, काम दुसऱ्यात. विद्यार्थी सुट्टीत घरी. २०२३ मध्ये सेन्सबरी सुपरमार्केटमधली लॉइड्सची २३७ औषधदुकानं बंद झाली. तिथे नाव नोंदवलेल्यांना पुन्हा शोधाशोध करावी लागली. आणि एक कारण आपल्या लोकांमध्ये मी वारंवार पाहते. लेस्टर किंवा हॅरोसारख्या ठिकाणी केमिस्ट पुष्कळदा गुजराती असतो, तोही मंडळाच्या गणपतीला आलेला असतो, त्याची बायको आपल्या मुलीच्या भरतनाट्यमच्या वर्गात भेटते. नैराश्यावरची गोळी त्याच्याकडून घ्यायची नसते. तो कुणाला सांगणार नाही, त्याच्यावर तसं बंधनच आहे. तरी माणसाला संकोच होतो. तो तीन मैल लांबच्या दुकानात टोकन घेऊन जातो. त्याने जावं. त्याला का आलात असं कुणी विचारू नये.

अमेरिकेत हे इतकं सोपं नाही. तिथे चिठ्ठी डॉक्टरकडून एका ठरावीक दुकानाला जाते. औषध नसलं की फोनाफोनी सुरू. नियंत्रित औषधांची, अजून औषध न दिलेली इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी एका दुकानातून दुसऱ्याकडे एकदा हलवायची स्पष्ट परवानगी तिथे ऑगस्ट २०२३ मध्ये मिळाली. जर्मनीने उलट टोक गाठलं. जानेवारी २०२४ पासून तिथे सरकारी विम्याच्या रुग्णाने कोणत्याही दुकानात विमाकार्ड यंत्रात घातलं की त्याच्या शिल्लक चिठ्ठ्या पडद्यावर दिसतात. दुकान निवडायचा प्रश्नच उरत नाही. मला हा मार्ग इंग्लंडपेक्षा सरळ वाटतो.

इंग्लंडने त्याच महिन्याच्या अखेरीला, ३० जानेवारी २०२४ रोजी, वेगळी सोय आणली. दुकान न नोंदवलेल्या रुग्णाला एनएचएस अॅपमध्येच बारकोड दिसू लागला. दवाखान्यात जाऊन कागद आणायची गरज राहिली नाही. काउंटरवर फोन पुढे करायचा, आम्ही पडद्यावरचा बारकोड स्कॅन करतो. तरुणांना हे आवडलं. पण अॅप आलं म्हणून कागद द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल, तर हट्टाने मागा. कागदाचा हक्क गेलेला नाही, आणि ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो मुलगा कामावर घेऊन जातो, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कागदाशिवाय दुसरं काही नसतं.

आजी दोन महिन्यांनी पुन्हा आल्या. या वेळी दोन्ही कागद एकत्र टाचलेले होते. मी विचारलं, "आमचं दुकान नोंदवून टाकू का? मग कागद आणायला नको."

"नको गं. लेक घर बदलायचं म्हणतेय. आणि मला हा कागदच बरा वाटतो, हातात दिसतो." मग थोडं थांबून म्हणाल्या, "नातीकडे एडिंबरोला चाललेय महिनाभर. हाच कागद तिथं चालेल ना?"

"नाही चालणार, आजी. स्कॉटलंडची यंत्रणा वेगळी. तिथलं दुकान हा बारकोड उघडू शकत नाही. जायच्या आधी दवाखान्यात सांगा, स्कॉटलंडला जातेय म्हणून. ते जुन्या पद्धतीची चिठ्ठी देतील. त्याच्यावर डॉक्टरची सही आहे का, ते मात्र नीट बघून घ्या."

"शाईची?"

"हो, शाईची."