एकस्वभंगाच्या दाव्याचे स्थान

एकस्वभंगाच्या दाव्याचे स्थान : एखाद्या कंपनीने दुसऱ्याच्या एकस्वाचा, म्हणजेच पेटंटाचा, भंग केल्याची तक्रार असता तिच्याविरुद्ध कोणत्या ठिकाणच्या न्यायालयात दावा दाखल करता येतो, हे ठरविणारे नियम. या प्रश्नाचा सर्वांत विस्तृत आणि वादग्रस्त विकास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. तेथे एकस्व हा संघराज्याच्या कायद्याचा विषय असल्याने त्याचे दावे संघीय न्यायालयांतच चालतात. पण संघीय जिल्हा न्यायालये ९४ आहेत. कायदा सर्वत्र एकच असून १९८२ पासून अशा दाव्यांची अपिलेही फेडरल सर्किट या एकाच अपील न्यायालयाकडे जातात. मग स्थानाला महत्त्व का असावे? कारण तारखा किती लवकर लागतात, एकस्वाच्या वैधतेची फेरतपासणी चालू असता न्यायाधीश दावा स्थगित करतो की नाही, ज्यूरी कोणत्या वस्तीतून निवडली जाते, या गोष्टी जिल्ह्याजिल्ह्यांत भिन्न असतात. खटल्याचा खर्च प्रचंड असल्याने गैरसोयीच्या न्यायालयात ओढली गेलेली कंपनी पुष्कळदा बाजू भक्कम असूनही तडजोड करते.

याबाबतचा विशेष नियम १८९७ च्या अधिनियमाने घालून दिला. त्यानुसार प्रतिवादी जेथील रहिवासी असेल तेथे, किंवा जेथे त्याने एकस्वभंगाचे कृत्य केले असून शिवाय त्याचे नियमित व प्रस्थापित व्यवसायस्थान असेल तेथे दावा लावता येतो. दुसऱ्या पर्यायातील दोन्ही अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. हा नियम स्वयंपूर्ण आहे, त्याला सर्वसाधारण नियमांची पुरवणी जोडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४२ मध्ये स्टोनाइट खटल्यात सांगितले. १९४८ च्या संहितेत ‘रहिवासी’ या शब्दाऐवजी ‘राहतो’ हे क्रियापद आले आणि तेथून वादाला नवे तोंड फुटले. कारण कंपनी ‘राहते’ कोठे, याची एक सैल व्याख्या त्याच संहितेत इतर दाव्यांसाठी दिलेली होती. फोरको ग्लास खटल्यात (१९५७) सर्वोच्च न्यायालयाने ती व्याख्या एकस्वाच्या दाव्यांना नाकारली. ज्या राज्यात कंपनीची स्थापना झाली, तेच तिचे निवासस्थान होय, असा निर्णय त्याने दिला.

१९८८ मध्ये काँग्रेसने सर्वसाधारण व्याख्या बदलताना ‘या प्रकरणातील स्थानविषयक नियमांसाठी’ अशा अर्थाचे शब्द घातले. एकस्वाचे कलम त्याच प्रकरणात येत असल्याने फेडरल सर्किट न्यायालयाने १९९० मध्ये व्ही. ई. होल्डिंग खटल्यात फोरकोचा अर्थ कालबाह्य ठरविला. परिणामी ज्या जिल्ह्याच्या न्यायालयाची कंपनीवर वैयक्तिक अधिकारिता चालेल, तेथे ती ‘राहते’ असे मानले जाऊ लागले. देशभर माल विकणारी कंपनी अशा रीतीने जवळजवळ सर्वत्र राहू लागली. संसदीय शब्दरचनेतील एवढ्याशा फेरफारातून इतका मोठा परिणाम काढणे प्रस्तुत लेखकास ताणलेले वाटते; परंतु तो अर्थ सत्तावीस वर्षे टिकला.

त्याचा सर्वाधिक लाभ पूर्व टेक्सस जिल्ह्यातील मार्शल या लहान गावाला झाला. तेथील न्यायालयाने या दाव्यांसाठी खास कार्यपद्धती आखून सुनावणीचा वेग वाढविला. स्वतः काहीच न बनविता केवळ एकस्वे विकत घेऊन दावे लावणाऱ्या संस्थांनी गावात नावापुरत्या कचेऱ्या थाटल्या. वारंवार प्रतिवादी होणाऱ्या सॅमसंग कंपनीने न्यायालयाजवळ उभारल्या जाणाऱ्या बर्फावरील स्केटिंगच्या मैदानाला आर्थिक साहाय्य दिले. ज्यूरी याच परिसरातून निवडली जाते, हे येथे ध्यानात घ्यावे. २०१५ मध्ये देशातील एकस्वाच्या नव्या दाव्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक या एका जिल्ह्यात दाखल झाले.

हा ओघ टीसी हार्टलंड वि. क्राफ्ट फूड्स या खटल्याने अडविला. पाण्यात मिसळण्याच्या स्वादिष्ट द्रवाविषयीचा हा दावा डेलावेअरमध्ये लावला होता. प्रतिवादी संस्था मात्र इंडियानातील होती आणि वादग्रस्त मालापैकी सुमारे दोन टक्केच तिने डेलावेअरला पाठविला होता. २२ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फोरकोचा अर्थ पुनःस्थापित केला. त्यानंतर वादाचा भर दुसऱ्या पर्यायातील ‘व्यवसायस्थाना’वर आला. क्रे खटल्यात (२०१७) फेडरल सर्किटने तीन कसोट्या सांगितल्या : जिल्ह्यात प्रत्यक्ष जागा हवी, तेथील व्यवसाय नियमित व प्रस्थापित हवा आणि ती जागा प्रतिवादीचीच हवी. घरून काम करणाऱ्या नोकराचे घर या कसोट्यांना उतरले नाही. गूगल खटल्यात (२०२०) दुसऱ्या कंपनीच्या जागेत ठेवलेली संगणकयंत्रेही अपुरी ठरली. कारण तेथे प्रतिवादीचा नोकर वा प्रतिनिधी नियमितपणे व्यवसाय चालवीत नव्हता. ॲपल कंपनीने २०१९ मध्ये प्लेनो व फ्रिस्को येथील आपली दुकाने बंद केली आणि जिल्ह्याच्या सीमेपलीकडे डॅलसमध्ये नवे दुकान उघडले. कंपनीने हे कारण सांगितले नाही. विधिज्ञांनी मात्र तसाच अर्थ लावला.

परदेशी कंपन्यांना हे संरक्षण नाही. ब्रुनेट खटल्यातील निर्णयानुसार (१९७२) त्यांच्याविरुद्ध कोणत्याही जिल्ह्यात दावा लावता येतो. अर्थात त्या न्यायालयाची त्यांच्यावर वैयक्तिक अधिकारिता असावी लागते. भारतीय औषधनिर्मात्यांना याची झळ प्रत्यक्ष लागते. नखांच्या बुरशीवरील औषधासंबंधीच्या व्हॅलियंट वि. मायलान खटल्यात (२०२०) एकस्वभंगाचे कृत्य म्हणजे औषधाच्या परवान्यासाठी अर्ज सादर करणे, पुढे होणारी संभाव्य विक्री नव्हे, असे ठरले. त्यामुळे मायलानच्या अमेरिकी कंपन्या न्यू जर्सीतील दाव्यातून सुटल्या. त्याच समूहाच्या हैदराबाद येथील कंपनीला मात्र ती परदेशी असल्याने स्थानाचा आक्षेप घेता आला नाही.

२०१७ नंतर असंख्य कंपन्यांची नोंदणी असलेल्या डेलावेअरकडे दावे वळले. पुढे पश्चिम टेक्ससमधील वेको येथे एकाच न्यायाधीशापुढे त्यांची गर्दी झाली. २०२१ मध्ये देशातील नव्या दाव्यांपैकी पंचमांशाहून अधिक तेथे होते. जुलै २०२२ च्या आदेशाने ते जिल्ह्यातील बारा न्यायाधीशांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटले जाऊ लागले, तेव्हा हा पूर ओसरला. २०२३ मध्ये पूर्व टेक्सस पुन्हा आघाडीवर आला.

भारतात असा स्वतंत्र स्थाननियम नाही. एकस्व अधिनियम, १९७० च्या कलम १०४ प्रमाणे दावा जिल्हा न्यायालयाहून कनिष्ठ न्यायालयात चालत नाही आणि प्रतिवादीने एकस्व रद्द करण्याचा प्रतिदावा केल्यास तो मूळ दाव्यासह उच्च न्यायालयाकडे जातो. स्थान दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० वरून ठरते : प्रतिवादी जेथे राहतो वा व्यवसाय करतो, किंवा वादकारण जेथे पूर्णतः वा अंशतः उद्भवते, ते ठिकाण. कंपनीचा व्यवसाय तिच्या मुख्य कचेरीत चालतो असे मानले जाते; शाखेच्या ठिकाणी वादकारण उद्भवले असेल, तर त्यापुरता तो तेथेही मानला जातो. प्रताधिकार व व्यापारचिन्ह यांच्या अधिनियमांनी वादीला स्वतःच्या निवासाच्या वा व्यवसायाच्या ठिकाणी दावा लावण्याची मुभा दिली आहे. एकस्वधारकाला ती नाही. पुण्यातील संशोधकाच्या एकस्वाचा भंग चेन्नईच्या कंपनीने केला आणि तो माल महाराष्ट्रात आलाच नाही, तर त्याला सामान्यतः चेन्नईलाच जावे लागते.