विश्लेषण : ऊसतोड टोळ्यांची दिवाळी कधी घरी, कधी फडात; संक्रांत मात्र कायम कोपीत. असे का?

दसऱ्याचे सोने लुटून झाले की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्या-वस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर लागू लागतात. धान्याची पोती, चूल, भांडी, कोंबड्या, शेळ्या आणि लहान मुले असा सगळा संसार त्यात चढतो. थंडीतले सगळे सण या संसाराने कुठे करायचे, हे कारखान्याच्या गाळप हंगामावर ठरते. दिवाळीचे गणित दरवर्षी बदलते. संक्रांतीचे बदलत नाही.

फडावरचे गाव म्हणजे काय?

कारखान्याजवळ किंवा उसाच्या पट्ट्यात मोकळ्या रानात पाचट, बांबू आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. दहा-वीस कोप्यांपासून शे-दोनशे कोप्यांपर्यंतचा हा अड्डा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. अनेक कोयत्यांची टोळी, आणि टोळीवर मुकादम. हे गाव नकाशावर नसते. त्याला ग्रामपंचायत नाही, मंदिर नाही, अनेक ठिकाणी वीज आणि नळही नाही. चार-पाच महिन्यांनी ते उठते, पुढच्या वर्षी कदाचित दुसऱ्याच रानात बसते. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान एक आकडी होते, तेव्हा या गावाला ऊब फक्त चुलीची आणि पेटवलेल्या पाचटाची.

उसात बिबट्या दडलेला असतो, ही उत्तरेकडच्या तालुक्यांतली रोजची धास्ती. तोडणी करताना पिल्ले सापडली की काम थांबते. वनखाते ती पुन्हा त्याच जागी ठेवते आणि बहुतेक वेळा रात्री मादी येऊन घेऊन जाते. अड्डा मात्र तिथेच जवळ असतो आणि कोपीला दार नसते.

एकाच जिल्ह्याची दोन टोके

अहिल्यानगर जिल्हा या व्यवहारात दोन्ही बाजूंना आहे. भंडारदरा आणि मुळा धरणांच्या कालव्यांवर राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा हा पट्टा उसाचा झाला. लोणीजवळच्या प्रवरा सहकारी कारखान्यापासून १९५०च्या सुमारास सहकारी साखरेची सुरुवात झाली ती इथेच. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड हे अवर्षणाचे तालुके. तिथे खरिपाची बाजरी निघाली की हाताला काम उरत नाही. त्यामुळे एका टोकाला तोडणीसाठी माणसे लागतात आणि दुसऱ्या टोकाची माणसे कोयता घेऊन बाहेर पडतात. अर्थात ती सगळी जिल्ह्यातच थांबत नाहीत. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकापर्यंत जातात, आणि इकडच्या फडांवर बीड, जळगावकडच्या टोळ्याही येतात.

बीडच्या सीमेवरचा भगवानगड पाथर्डी तालुक्यात आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या काळात तिथला आणि २०१७ पासून पाटोदा तालुक्यातील सावरगाव घाट येथला दसरा मेळावा गाजतो, त्याचे राजकीय अर्थ भरपूर निघतात. ऊसतोड कुटुंबाच्या लेखी मात्र दसरा हा निघण्यापूर्वीचा हक्काचा शेवटचा सण असतो.

दिवाळी कुठे करायची, हे कोण ठरवते?

मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील मंत्री समिती दरवर्षी गाळप सुरू करण्याची तारीख जाहीर करते. ही तारीख इंग्रजी महिन्याची असते आणि दिवाळी तिथीने येते. दोन्हींचा मेळ कसा बसतो, ते मागच्या काही हंगामांत पाहा. २०२१ मध्ये गाळप १५ ऑक्टोबरला सुरू झाले, म्हणजे चक्क दसऱ्याच्याच दिवशी, आणि लक्ष्मीपूजन होते ४ नोव्हेंबरला. २०२२ मध्ये पुन्हा १५ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबर. २०२३ मध्ये गाळप १ नोव्हेंबरपासून, पण अधिक श्रावणामुळे दिवाळी लांबली आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले. तिन्ही वर्षी दिवाळी हंगामात सापडली.

२०२४ मध्ये उलटे झाले. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आणि हंगाम १५ नोव्हेंबरपासून. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, हंगाम १ नोव्हेंबरपासून. भाऊबीज उरकून निघता आले. तरी हंगामाच्या तारखेआधी काही दिवस पोहोचून कोप्या उभ्या कराव्या लागतात, त्यामुळे पाच-सहा दिवसांचे अंतर असले तरी ते पुरत नाही.

संक्रांतीला ही सवलत का नाही?

कारण मकर संक्रांत सूर्याच्या गणितावर, १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. हंगाम ऑक्टोबरला सुरू होवो की नोव्हेंबरच्या मध्याला, जानेवारी म्हणजे गाळपाचा ऐन भर. उसातला साखरेचा उतारा थंडीत वाढतो, म्हणून याच दिवसांत कारखाने पूर्ण क्षमतेने चालतात. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन आणि साखर दोन्ही घटतात, तो शक्यतो २४ तासांत गाळायचा असतो. गव्हाणीत ऊस पडला नाही तर गाळप थांबते, आणि थंड झालेला कारखाना पुन्हा सुरू करणे महागात पडते. त्यामुळे तोडणीच्या वेळापत्रकात सणाचा रकाना नसतो.

गंमत अशी की सणांना ऊस मात्र लागतोच. तुळशीच्या लग्नाचा मांडव उसाचा, आणि संक्रांतीच्या सुगडात हरभरा, बोरे, गव्हाच्या ओंब्या यांच्याबरोबर उसाचे करवे हवेतच.

एका सुट्टीची किंमत किती?

जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य केली. टनाचा दर २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. एक कोयता दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडतो, म्हणजे जोडप्याची दिवसाची मजुरी साडेपाचशे ते सव्वासातशे रुपयांच्या आसपास. तीही हातात पडत नाही, हंगामाआधी घेतलेल्या उचलीतून वळती होते.

सुट्टी घेतली तर ही मजुरी बुडतेच, वर ‘खाडा’ लागतो. अनेक टोळ्यांत तो दिवसाला पाचशे रुपयांच्या घरात आहे. मजुरी आणि खाडा मिळून सणाचा एक दिवस हजार-बाराशे रुपयांना पडतो, आणि तो उचलीच्या हिशेबात चढतो. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जावे लागते. आजारपणालाही हाच हिशेब लागू असतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या २०१९च्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, तेव्हा कारणांच्या चर्चेत खाड्याची भीतीही पुढे आली होती. ज्या कामात पाळीच्या दुखण्याला सुट्टी नाही, तिथे सणाला कुठली?

मग सण होतो कसा?

होतो, पण कामाच्या कडेकडेने. बाया पहाटे तीन-चारला उठून स्वयंपाक करतात आणि उजाडण्याआधी फड गाठतात. लक्ष्मीपूजन संध्याकाळी असल्याने सोयीचे पडते. कोपीपुढे सडा-रांगोळी, पणती आणि पूजेत कोयता. बैलगाडीवाल्यांच्या अड्ड्यावर बैल ओवाळले जातात. तेल, बेसन, गूळ यांचा पैसा येतो तो वाढ्यांतून. उसाच्या या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या आसपासचे दूधवाले शेतकरी रोखीने घेतात. सगळा हंगाम उचलीत अडकलेला असताना हाती येणारी रोजची रोकड तेवढीच.

संक्रांतीला दिवस मोडता येत नाही, पण हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते. ही मुभा अड्ड्यावर फार उपयोगी पडते. एखाद्या संध्याकाळी खेप लवकर भरली, किंवा बिघाडामुळे कारखाना थांबला, की बाया नव्या साड्या नेसून कोप्याकोप्यांतून वाण देऊन येतात. यंत्र बिघडले की कारखान्याचे नुकसान होते. अड्ड्यावर त्या दिवशी अंघोळी होतात, धुणी होतात, बाजार होतो आणि राहिलेला सणही होतो.

मुले कुठे असतात?

दिवाळीची सुट्टी संपते तेव्हा दक्षिणेकडच्या कित्येक शाळांचा पट अर्धवट रिकामा झालेला असतो. मुलांनी गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय आहे. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत मुला-मुलींसाठी ८२ वसतिगृहे मंजूर झाली, पहिल्या टप्प्यात पाथर्डी आणि जामखेड होते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तितकेच सरकारने द्यायचे असे ठरले आहे.

शिकायचे तर मूल गावी ठेवावे, हे धोरण म्हणून बरोबरच आहे. पण मग सणाला घर दुभंगते. आजी-आजोबा आणि नातवंडे गावी, आई-बाप फडावर. दिवाळीची ओवाळणी फोनवर होते, तीही अड्ड्यावर मोबाइल चार्ज करायची सोय असली तर.

पुढची दिवाळी कुठे?

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने दिवाळी पुन्हा उशिरा आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. गाळप २०२५ प्रमाणे १ नोव्हेंबरलाच सुरू झाले तर टोळ्यांची दिवाळी फडातच होईल. २०२४ प्रमाणे १५ नोव्हेंबर ठरली तर भाऊबीज करून निघायला चार दिवस मिळतील. ऊस लवकर संपवायची कारखान्यांना घाई असते, शेतकऱ्यांना तोड वेळेवर हवी असते. मंत्री समितीपुढे या दोघांची बाजू मांडणारे भरपूर आहेत.