इंग्रजीच्या तासाला कोणते खेळ घ्यावे?

गेल्या पावसाळ्यांत एक पालक शाळेंत आले व वर्गाच्या दाराशीं बराच वेळ उभे राहिले. आंत दुसरीच्या मुलांचा इंग्रजीचा तास चालू होता; म्हणजे मुलें उड्या मारीत होतीं. तास संपल्यावर ते म्हणाले, "गुरुजी, खेळायला घरचं अंगण हाय की! लेकरू शिकायला धाडलंय." त्यांचें म्हणणें गैर नव्हतें. इतर वडील मंडळींच्याही मनांत तोच विचार येत असेल, म्हणून त्याचें उत्तर येथें देण्याचें योजिलें आहे.

पूर्वीं आपल्या मराठी शाळांतून इंग्रजीचा आरंभ पांचवीपासून होत असे. सन २००० पासून तो पहिलींत आला. पांचवींतील मुलास भाषांतराच्या वाटेनें नेतां येई. तर्खडकरांच्या पाठमालेवर कित्येक पिढ्या अशाच शिकल्या. परंतु सहा वर्षांच्या बालकास कर्ता-कर्माची ओळख स्वभाषेंतही झालेली नसते. तें मराठी ज्या क्रमानें शिकलें तोच क्रम येथें धरावा लागतो: आधीं ऐकणें, ऐकून कांहीं करणें, व मग बोलणें. हें नवें खूळ नव्हे. जर्मनींत फ्रोबेल यानें १८३७ मध्यें बालशाळा काढून खेळास शिक्षणांत मानाचें स्थान दिलें. भावनगरास गिजुभाई बधेका यांनीं १९२० मध्यें बालमंदिर सुरू केलें, आणि ताराबाई मोडक यांनीं तें कार्य महाराष्ट्रांत रुजविलें.

तथापि, खेळ म्हटला कीं तो आपोआप शिकवितो असें मुळींच नाहीं. ही गोष्ट मी माझ्याच चुकीनें शिकलों. 'सायमन सेज' नांवाचा एक खेळ आहे. शिक्षकानें 'सायमन सेज, टच युअर नोज' म्हटलें तर मुलांनीं नाकास हात लावावा. नुसतें 'टच युअर नोज' म्हटलें तर लावूं नये. चुकला तो बाद. वर्गांत ऊसतोड करणाऱ्या घरची एक मुलगी होती. आपल्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत उसाच्या फडावर जातात, तशी तीही आईबापांबरोबर गेली होती व उन्हाळ्याच्या तोंडीं परतली होती. तीन दिवस ती पहिल्याच हुकुमास बाद झाली व तीनही दिवस उरलेला तास भिंतीशीं बसून राहिली. ज्यांना येत होतें तीं मुलें खेळत होतीं, आणि जिला सरावाची सर्वांत अधिक गरज होती ती पाहत होती. तिसऱ्या दिवशीं तिनें उठून उभें राहण्याचेंच टाळलें. तेव्हां माझे डोळे उघडले.

तेव्हांपासून मी पहिला प्रश्न हाच विचारतों, कीं या खेळांत चुकणाऱ्याचें काय होतें? आपल्या गांवच्या विषामृतांत याचें सुंदर उत्तर आहे. ज्यास 'विष' मिळालें तो जागच्या जागीं खिळतो. सोबत्यानें 'अमृत' दिलें कीं सुटतो. आम्ही यांत एवढीच भर घातली कीं सोबत्यानें 'व्हॉट इज युअर नेम?' असें विचारावें व खिळलेल्यानें पूर्ण उत्तर द्यावें. उत्तर येत नसेल तर सोबती कानांत सांगतो, कारण गडी सुटणें दोघांच्याही हिताचें असतें! ती मुलगी यांत पहिल्याच दिवशीं दहा वेळां तरी बोलली असेल.

दुसरा प्रश्न: इंग्रजीवांचून हा खेळ खेळतां येईल काय? संगीत-खुर्ची मोठ्या मौजेची, पण तींत एक शब्दही बोलावा लागत नाहीं. ती स्नेहसंमेलनास ठेवावी. तसेंच एका वेळीं किती मुलें बोलतात तेंही पाहावें. चाळीस मुलांच्या वर्गांत एकानें फळ्यापाशीं बोलावें व एकूणचाळिसांनीं पाहावें, तर पस्तीस मिनिटांच्या तासांत प्रत्येकाच्या वांट्यास एक मिनिटही येत नाहीं. याउलट जोडीजोडीनें एकीबेकी खेळवावी. मुठींत चिंचोके घेऊन 'हाऊ मेनी?' विचारावें, दुसऱ्यानें आंकडा सांगावा. वीस जोड्या एकदम बोलतात. गलबला फार होतो, शेजारच्या वर्गाचे शिक्षक डोकावतात. तो दोष मला मान्य आहे.

उच्चारासाठींही खेळ हवाच. आपल्या बोलण्यांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद लिहिण्याइतका काटेकोर पाळला जात नाहीं. त्यामुळें 'शिप' म्हणजे जहाज व 'शीप' म्हणजे मेंढी हीं दोन मुलांच्या कानांस एकच वाटतात. 'शिप' ऐकतांच उजव्या भिंतीकडे व 'शीप' ऐकतांच डाव्या भिंतीकडे धांवावयाचें, एवढ्यानें आठवड्याभरांत कान तयार होतो. गाणीं म्हणवावीं, पण अर्थ हातवाऱ्यांनीं कळला पाहिजे, पोपटपंची नको.

महागड्या साहित्याची मात्र कांहीं आवश्यकता नाहीं. आमचा सर्वांत यशस्वी खेळ आठवडी बाजाराचा. मुलें घरून भेंडी, लिंबें, बांगड्या आणितात. चिंचोके हेंच नाणें. बालाघाटच्या डोंगरांतलें सीताफळ तर हवेंच. बीडच्या या फळास २०१६ मध्यें भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. त्यास इंग्रजींत 'कस्टर्ड ॲपल' म्हणतात हें कळल्यावर मुलें खूप हंसलीं.

आरंभीं सांगितलेले पालक त्या बाजाराच्या दिवशीं पुन्हां आले होते. मुलांनीं त्यांनाच सीताफळांच्या दुकानावर बसविलें. त्यांनीं भाव मराठींत सांगितला, समोरच्या चिमुकल्या गिऱ्हाइकानें मान हलविली व पुन्हां विचारलें, "हाऊ मच?"