देवळालीच्या गुरुजींचा ६१७४

बालमित्रांनो, पाटी घ्या आणि चार अंकी कुठलीही संख्या लिहा. चारही अंक सारखे मात्र नकोत. समजा, ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, ५४३२. मग चढत्या क्रमाने, २३४५. मोठीतून लहान वजा करा. आले ३०८७. याचंही तसंच करा : ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता ७६४१ वजा १४६७? पुन्हा ६१७४! गाडी तिथेच अडली. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच पोचाल.

आमच्या वर्गात एकजण म्हणाला, “बाई, माझं तर शून्य आलं!” त्याने घेतली होती २१११. तीतून १११२ गेले, उरले ९९९. ते कसेही मांडा, वजाबाकी शून्यच! पण आपला खेळ चार अंकांचा, म्हणून लिहायचं ०९९९. मग ९९९० वजा ०९९९, ८९९१. पुढचं तुम्ही करा. डावीकडच्या शून्याला किंमत नाही असं आम्हीच शिकवतो. इथे ते टाकलंत की फसलात.

ही गंमत शोधली द. रा. कापरेकर यांनी. नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळामास्तर होते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. काही विद्वानांना तो पोरखेळ वाटला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं, तेव्हा कुठे जगभर नाव झालं.

अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकर ‘हर्षद’ म्हणत. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८. भागून बघा, आणि आलेल्या उत्तराला सातने भागत सुटा!