अक्षर दोषी की यादी अपुरी?

लॅब म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरा कोट, टेस्ट ट्यूब, बर्नर आणि जर्नल अपूर्ण आहे म्हणून ओरडणारे सर. बायोइन्फर्मेटिक्सच्या लॅबमध्ये यातलं जवळपास काहीच नसतं. असतात ते कम्प्युटर, सर्व्हरची घरघर आणि काळ्या स्क्रीनवर सरकणारी अक्षरं. ए, टी, जी, सी. अक्षरं चारच, पण त्यातलं एखादं बदललं तर माणूस आजारी पडू शकतो.

माणसाच्या जिनोममध्ये अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. नेहमीच्या वापरातलं सिक्वेन्सिंग मशीन ती सलग वाचून देत नाही. साधारण दीडशे-दीडशे अक्षरांचे कोट्यवधी तुकडे ते तुमच्या हातात ठेवतं. एखाद्या जाडजूड कादंबरीच्या तीस प्रतींचे कपटे करून कुणी समोर टाकले आणि म्हटलं, 'लाव आता', तर कसं वाटेल? तसंच काहीसं. लॅबमधली मुलं हे तुकडे प्रोग्रामच्या मदतीने 'संदर्भ जिनोम'शी ताडून जागेवर बसवतात आणि कुठे कुठे फरक आहे, त्याची यादी काढतात.

खरी गंमत इथे सुरू होते. कुणाचाही जिनोम घ्या, अगदी तुमचासुद्धा, यादीत ४० ते ५० लाख फरक निघतात! बहुतेक सगळे निरुपद्रवी. मग आजाराला कारण ठरणारा एक कसा शोधायचा?

तर एकामागून एक चाळण्या लावायच्या. या बदलाने प्रोटीन बिघडतं का? घरातल्या दुसऱ्या आजारी माणसातही तो आहे का? आणि सगळ्यात कामाची चाळणी म्हणजे, हा बदल एकूण किती लोकांमध्ये सापडतो? यामागचं लॉजिक सोपं आहे. आजार पाचशेत एकालाच होत असेल आणि बदल मात्र शंभरातल्या दहा धडधाकट माणसांमध्ये असेल, तर एकट्या त्या बदलाला गुन्हेगार कसं म्हणणार?

पण थांबा. 'लोकांमध्ये' म्हणजे नेमक्या कोणत्या लोकांमध्ये?

हा प्रश्न विचारला नाही तर काय होतं, ते हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या अर्जुन मनराय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. तरुण खेळाडू मैदानावर अचानक कोसळतात, त्यामागच्या कारणांपैकी हे एक. त्याच्या जनुकीय तपासणीत काही रुग्णांना 'तुमच्यातला बदल घातक आहे' असे रिपोर्ट मिळाले होते. नंतर कळलं की हे बदल निरुपद्रवी आहेत आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये चांगलेच सर्रास आढळतात. चुकीचे रिपोर्ट मिळालेल्यांमध्ये आफ्रिकी वंशाचेच लोक होते किंवा ज्यांचा वंश नोंदवलेलाच नव्हता असे. मशीन चुकलं नव्हतं. तुलनेच्या यादीत ती माणसंच पुरेशी नव्हती. थोडे जरी कृष्णवर्णीय अमेरिकन त्या यादीत असते, तरी ही चूक बहुधा टळली असती, असं या टीमच्या सिम्युलेशनमधून दिसलं.

आता आपल्याकडे या. एमवायबीपीसी३ नावाचं एक जनुक आहे, तेही हृदयाच्या स्नायूशी संबंधित. त्यातली २५ अक्षरं गळाल्याचं भारतीय उपखंडातल्या शंभरपैकी साधारण चार माणसांमध्ये दिसतं आणि त्याचा हृदयविकाराशी संबंध आहे, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पुढे आलं. पुढच्या अभ्यासांनी सांगितलं की, धोका सगळ्यांना सारखा नसतो. हे कोडं फक्त युरोपातले जिनोम बघून सुटलं असतं का? तिथे हा बदल जवळपास सापडतच नाही.

म्हणूनच 'जिनोम इंडिया' महत्त्वाचा. २०२० मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात देशातल्या २० संस्थांनी मिळून वेगवेगळ्या समाजांमधल्या सुमारे १० हजार भारतीयांच्या जिनोमची नोंद केली. हा डेटा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहे आणि जानेवारी २०२५ मध्ये तो संशोधकांसाठी खुला झाला. डेटा आला, आता तो वाचणारी माणसं हवीत.

इथे तुमचा नंबर लागतो. बायोवाली मुलं कोडिंग म्हटलं की दचकतात आणि कोडिंगवाल्यांनी बायो दहावी-बारावीनंतर सोडलेलं असतं. या लॅबना नेमका मधला माणूस लागतो. थोडं लिनक्स, थोडं पायथन किंवा आर, पक्कं स्टॅटिस्टिक्स आणि जनुकशास्त्राची समज. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातलं बायोइन्फर्मेटिक्स सेंटर तर १९८७ पासून आहे, म्हणजे तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून. आणि सुरुवात करायला अ‍ॅडमिशनच हवी असं नाही. 'थाउजंड जिनोम्स'चा डेटा सगळ्यांना फुकट खुला आहे. 'गॅलक्सी' नावाची सिस्टीम ब्राउझरमध्येच चालते, तिच्यावर शिकण्याचे धडेही आहेत. हॉस्टेलवरच्या साध्या लॅपटॉपवरून पहिली यादी काढता येईल.

जनुकीय तपासणीच्या रिपोर्टमध्ये कधी कधी एक ओळ असते, 'बदल सापडला, अर्थ अनिश्चित'. लहान मुलाला घेऊन आलेल्या आईबापांना ही ओळ हातात घेऊन घरी जावं लागतं. आजार आहे म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी पंचाईत. त्या ओळीतला 'अनिश्चित' हा शब्द खोडायचा, तर कुणीतरी बसून आपल्या माणसांच्या याद्या ताडून बघायला हव्यात. पुढच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट अजून ठरला नसेल, तर विषय तुमच्यासमोर आहे.