नवरा अमेरिकेत, बायको पुण्यात: एच-४ व्हिसावर जाता येतं, पण नोकरी करता येते का?

डिसेंबरात लग्न होतं, सुट्टी संपते, मुलगा परत अमेरिकेला जातो. मुलगी व्हिसाच्या तारखेची वाट बघत बसते आणि प्रत्येक हळदीकुंकवाला तिला एकच प्रश्न येतो, "अजून झालं नाही तुझं?"

कधी होणार, हे आधी ठरतं ते तिकडचा जोडीदार कुठल्या व्हिसावर आहे त्यावरून. तो अमेरिकेचा नागरिक असेल तर बायकोला थेट ग्रीन कार्डच्या मार्गाने नेता येतं, त्याला कोटा नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर लग्न केलं असेल तर मात्र कोट्याची रांग आहे आणि ती काही वर्षांची असू शकते. आपल्याकडच्या आयटीवाल्यांचं गणित बहुतेक वेळा तिसरं असतं. तो एच-१बी वर, म्हणून ती एच-४ वर.

एच-४ ला लॉटरी नाही. डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज, २०५ डॉलर फी, बोटांचे ठसे आणि मुलाखत. महाराष्ट्रातले बहुतेक अर्जदार मुंबईत बीकेसीच्या वाणिज्य दूतावासात जातात. नवऱ्याच्या एच-१बी मंजुरीची प्रत, पगाराच्या स्लिप आणि लग्नाचे फोटो सोबत ठेवायचे. पण खरा कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. पत्रिका आणि अल्बम त्याची जागा घेऊ शकत नाहीत, त्यामुळे नोंदणी लग्नाच्या धामधुमीतच उरकलेली बरी. पासपोर्टवर सासरचं नाव लावणं सक्तीचं नाही. पासपोर्ट आणि अर्जातलं नाव जुळलं, प्रमाणपत्रावरून ती व्यक्ती हीच हे कळलं, की झालं.

अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया अकाउंटची नावंही द्यावी लागतात. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची अकाउंट तपासली जाऊ लागली असून ती 'पब्लिक' ठेवण्याच्या सूचना आहेत. हा नियम आला तेव्हा भारतातल्या अनेकांच्या मुलाखती काही महिने पुढे गेल्या. अर्जात एक नोकरी आणि प्रोफाइलवर दुसरी, असं असेल तर आधीच नीट करून घ्यावं.

आता मुद्द्याचं. एच-४ वर शिकता येतं, नोकरी करता येत नाही. पुण्यात टीम लीड असलेली मुलगी तिकडे पोचली की कागदावर फक्त 'डिपेंडंट' उरते. पुण्याच्याच कंपनीचं काम तिथल्या घरून करू, हा बेतही वकिलाला विचारल्याशिवाय करू नये.

यातून एक वाट मे २०१५ मध्ये निघाली. नवऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला आय-१४० अर्ज मंजूर असेल, किंवा त्याच आधारावर त्याला सहा वर्षांपुढे मुदतवाढ मिळाली असेल, तर बायकोला कामाचा परवाना मागता येतो. त्याला ईएडी म्हणतात. या नियमाला कोर्टात आव्हान दिलं गेलं, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते प्रकरण ऐकायला नकार दिला, त्यामुळे नियम टिकला. त्याच महिन्यात दुसरा धक्का बसला. नूतनीकरणाचा अर्ज केला की जुना परवाना ५४० दिवसांपर्यंत आपोआप चालायचा, ती सोय ३० ऑक्टोबरपासूनच्या अर्जांना बंद झाली. नवं कार्ड वेळेत हातात आलं नाही तर चालू नोकरी थांबवावी लागते.

म्हणून लग्न ठरवताना पॅकेजसोबत 'आय-१४० झालाय का?' हेही विचारावं. कंपनी एल-१ वर पाठवत असेल तर गोष्ट सोपी असते, कारण त्यांच्या जोडीदाराला एल-२ वर वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं.

एच-४ नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला असतो. त्याची नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांची सवलत दोघांनाही मिळते. घटस्फोट झाला तर एच-४ चा आधारच जातो. घरात छळ होत असेल तर मात्र त्या बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय, स्वतःच्या नावाने कामाचा परवाना मागता येतो. त्यासाठी आय-७६५व्ही नावाचा वेगळा फॉर्म आहे.